रक्त येतं, जातं. लोखंड मात्र राहतं

आमच्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यात कुणाचा चेहरा पांढरा पडला की पहिला सल्ला ठरलेला असतो: 'बीट खाऊ घाला.' मग डाळिंब, खजूर, काळे मनुके, तांबडी भाजी, नाचणीचं तिजन, आणि शेवटी केमिस्टकडून आणलेली लोहाची गोळी. माझ्या आईने हे सगळं दीड वर्ष मनापासून केलं. त्या दीड वर्षात तिचं हिमोग्लोबिन ९.१ वरून ६.८ वर उतरलं. सल्ला देणारी माणसं मायेची होती आणि आई पथ्याला पक्की होती. पण उपाय एका आजारावर चालला होता आणि आजार दुसराच होता.

अंगात रक्त कमी असणं, म्हणजे अ‍ॅनिमिया, हे ताप येण्यासारखं आहे. ताप डेंग्यूचाही असतो आणि घसा सुजल्याचाही. रक्तही वेगवेगळ्या कारणांनी कमी होतं. कुणाच्या पोटात लोह किंवा बी-१२ पुरेसं जात नाही, कुणाचं रक्त मूळव्याधीतून किंवा पाळीतून वाहून जातं, कुणाच्या रक्तपेशी वेळेआधी फुटतात. आणि काहींचा बिघाड रक्त तयार होतं तिथेच असतो. आई या शेवटच्या गटातली. तिच्या आजाराचं नाव मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, बोलण्यात एमडीएस. थॅलॅसेमिया, सिकल सेल, अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया, मायलोफायब्रोसिस हे आजार एमडीएसपेक्षा वेगळे आहेत आणि एकमेकांपेक्षाही. पण यातल्या बऱ्याच घरांना वर्षानुवर्षं रक्त चढवत जगावं लागतं. त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांच्याही कामाचं आहे.

रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये. निरोगी माणसाचा मगज दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी बनवतो. हे काम मला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीसारखं वाटतं. पहाटे पीठ मळलं जातं, पाव आकार घेतात, भट्टीत फुगतात आणि सकाळी पाटीतून घरोघर जातात. मूत्रपिंडांना ऑक्सिजन कमी पडला की ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात. ती झाली भट्टीला गेलेली ऑर्डर: 'उद्या जास्त पाव हवेत.' साध्या लोहाच्या कमतरतेत भट्टी चांगली असते, पीठ संपलेलं असतं. पीठ दिलं की पाव येऊ लागतात. एमडीएसमध्ये पीठ भरपूर असतं, ऑर्डरही मोठी असते, पण पावच नीट भाजले जात नाहीत. कच्चे, वेडेवाकडे होतात आणि बरेचसे भट्टीतच टाकून द्यावे लागतात. म्हणून आईच्या मगजाच्या तपासणीत आत पेशींची दाटी दिसली आणि बाहेर रक्तात मात्र तुटवडा. मला हे कळायला वेळ लागला. कळल्यावर बीट आणि गोळ्या का लागू पडल्या नाहीत, हेही कळलं. पीठ संपलेलंच नव्हतं.

हे ओळखायचं कसं? सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), काचेवर पसरलेल्या रक्ताची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी, बी-१२, फोलेट, फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), आणि तरीही उत्तर सापडलं नाही तर कमरेच्या मागच्या हाडातून मगजाचा नमुना. त्या नमुन्यातल्या गुणसूत्रांचीही तपासणी होते, कारण एमडीएसचे प्रकार आहेत आणि उपचार प्रकारावर ठरतात. काहींना एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं चालतात, काहींना लेनालिडोमाइड, काहींना अ‍ॅझासिटिडिन किंवा लुस्पॅटरसेप्ट. वय आणि प्रकृती साथ देत असेल तर मगजाचं प्रत्यारोपण हाच समूळ उपाय. काहींचा आजार पुढे रक्ताच्या कर्करोगाकडे वळतो, म्हणून नजर ठेवावी लागते. आईला इंजेक्शनांनी काही महिने चांगला आधार दिला, मग त्यांचा जोर ओसरला. तेव्हापासून रक्ताची पिशवी.

आकडा आणि माणूस

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात पुरुषाचं हिमोग्लोबिन १३च्या खाली आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचं १२च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया. आई ८ वर असते तेव्हा वेणी घालते, भजनाला जाते, शेजारच्या काकींशी अंगणात गप्पा मारते. नवीन डॉक्टर रिपोर्ट पाहून चमकतात, मग तिच्याकडे पाहून परत रिपोर्ट पाहतात.

याचं कारण असं की रक्त हळूहळू कमी झालं तर शरीर जुळवून घेतं. हृदय जास्त वेळा धडधडतं, आणि तांबड्या पेशींमध्ये एक रसायन वाढतं, ज्यामुळे त्या आपल्याजवळचा ऑक्सिजन स्नायूंना अधिक सैल हाताने देतात. अपघातात एकाएकी ८ वर आलेला माणूस आणि दोन वर्षांत ८ वर उतरलेला माणूस यांच्यात म्हणून खूप फरक. पण या जुळवून घेण्याची किंमत हृदय मोजत असतं. आधीपासून हृदयविकार असेल तर ही उसनी ताकद लवकर संपते.

म्हणून रक्त कधी चढवायचं, याला सगळ्यांसाठी एकच आकडा नाही. साधारण ७ ते ८च्या आसपास डॉक्टर विचार करतात, हृदयरोग्यासाठी थोडं वर. आणि त्याबरोबर विचारतात: जिना चढता का? बोलताना दम लागतो का? छातीत दुखतं का? पाय सुजतात का? या प्रश्नांना आई पूर्वी 'बरी आहे' म्हणून उत्तर द्यायची. पेडण्यातली तिच्या पिढीची बाई डॉक्टरला दुसरं काही सांगतच नाही. मग मी वहीत लिहायला लागले: विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत कितीदा थांबली, तुळशीला पाणी घालताना खुर्ची लागली का, कानात गुंई आवाज येतो म्हणाली का, भाजी चिरताना मध्येच आडवी झाली का. ती वही डॉक्टरांपुढे ठेवल्यावर आमचं बोलणंच बदललं. कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर कळकळीने सांगते, फाईल सांभाळताच, तशी ही वहीही ठेवा. फाईलमध्ये एचबी असतं, वहीत माणूस असतो.

या थकव्याबद्दल एक गोष्ट घरच्यांनी समजून घ्यायलाच हवी. तो आळस नाही आणि नुसत्या झोपेने जात नाही. दिवसाची ताकद मोजकी असते आणि ती कशावर खर्च करायची हे त्या माणसालाच ठरवू द्यावं. आईने अंघोळ आणि देवपूजा यांच्यात अर्ध्या तासाची विश्रांती ठेवली आहे. कपडे वाळत घालणं सोडलं, पण नारळ खवणं सोडलं नाही, कारण ते तिला बसून करता येतं आणि तिला ते आवडतं. आधी मी तिच्या हातातून अडोळी (खवणी) काढून घ्यायचे. आता घेत नाही.

पिशवीचा दिवस

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जायचं म्हणजे आम्ही आगरवाड्याहून पहाटे निघतो. म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल, आणि उजाडेपर्यंत पोचतो. पहिलं काम रक्ताचा नमुना. नवख्या नातेवाइकांना याचाच राग येतो: 'गेल्या महिन्यात घेतला होता ना? रक्तगट बदलतो का?' रक्तगट बदलत नाही. पण प्रत्येक वेळी परकं रक्त अंगात गेल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध नवे प्रतिपिंड बनवू शकतं. म्हणून अलीकडे रक्त घेतलेल्या माणसाचा नमुना साधारण तीन दिवसच ग्राह्य धरतात आणि दर वेळी नव्याने क्रॉसमॅच करतात, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहतात.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली ए, बी, ओ गटांचा शोध जाहीर केला, त्यासाठी त्यांना १९३० साली नोबेल मिळालं. आपल्याला शाळेत तेवढंच कळतं. प्रत्यक्षात पेशींवर आणखी पुष्कळ खुणा असतात. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रक्तगट शोधला की जो साध्या तपासणीत ओ वाटतो, पण ज्याला ओ गटाचंही रक्त चालत नाही. त्याला फक्त त्याच गटाचं रक्त लागतं. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. इतका विरळ गट बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. पण वारंवार रक्त घेणाऱ्यांच्या बाबतीत आरएच आणि केल या कुळांतल्या छोट्या खुणासुद्धा महत्त्वाच्या ठरतात. आईच्या अंगात नवव्या की दहाव्या पिशवीनंतर अँटी-ई नावाचा प्रतिपिंड तयार झाला. तेव्हापासून तिला ई खूण नसलेलंच रक्त लागतं आणि रक्तपेढीला शोधायला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. यात मेख अशी आहे की असा प्रतिपिंड काही महिन्यांनी चाचणीत दिसेनासा होऊ शकतो, पण शरीर त्याला विसरत नाही. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या इस्पितळात कुणाला हे माहीत नसेल आणि चुकीची पिशवी लागली, तर आठवड्या-दोन आठवड्यांत काविळीसारखे डोळे पिवळे होतात आणि चढवलेलं हिमोग्लोबिन उतरतं. म्हणून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आणि आईच्या पर्समधल्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत तेच लिहिलं आहे: ए पॉझिटिव्ह, अँटी-ई.

ज्यांना दीर्घकाळ रक्त लागणार हे ठाऊक आहे त्यांनी पहिल्या पिशवीच्या आधीच सविस्तर रक्तगट करून घेता येईल का, हे विचारावं. नंतर अंगात दुसऱ्यांच्या पेशी मिसळलेल्या असतात, मग तेच काम किचकट होतं. आम्हाला हे उशिरा कळलं.

पिशवीत पूर्ण रक्त नसतं, वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी असतात. वॉर्डात सगळे 'पीसीव्ही' म्हणतात. ती २ ते ६ अंश सेल्सियसला ठेवतात आणि योग्य द्रावण घातलं असेल तर ४२ दिवस टिकते. फ्रिजबाहेर काढल्यावर चढवायला उशीर करायचा नाही आणि चार तासांच्या आत संपवायची. घाई मात्र करायची नाही, विशेषतः वयस्कर माणसात. एकदम पाणी वाढलं की हृदयावर भार येतो, फुप्फुसात पाणी साचतं, श्वास अडकतो. म्हणून आईला पिशवी संथ लावतात, कधी मध्ये लघवी होण्याचं इंजेक्शन देतात, आणि एका वेळी एकच पिशवी देऊन पुन्हा पाहतात. 'इतक्या लांबून आलोय, दोन्ही आजच चढवा' असा आग्रह मी एकदा धरला होता. आता धरत नाही.

पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांत जागरूक राहायची. थंडी वाजणं, ताप, खाज, अंगावर गांध्या, कंबर दुखणं, छाती आवळणं, लघवी काळपट होणं, नाहीतर नुसतंच 'काहीतरी बरं वाटत नाही'. यातलं काहीही झालं तर लगेच नर्सला हाक मारायची. त्यात संकोच करायचा नाही. आणि पिशवी लावण्याआधी नाव, क्रमांक, गट मोठ्याने जुळवून घेतात तेव्हा आपणही कान देऊन ऐकायचं. नुसता ताप येण्याचं प्रमाण कमी व्हावं म्हणून पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मिळतं का, हेही विचारून ठेवावं.

एका पिशवीने मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं. आई त्याच संध्याकाळी टवटवीत होईल असं मला वाटायचं. तसं होत नाही. साठवलेल्या पेशींमधलं ते ऑक्सिजन सैल सोडणारं रसायन कमी झालेलं असतं, ते परत भरायला एक-दोन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः चहा ठेवला की मी समजते, रक्त लागलं. पुढे मात्र उतार सुरू होतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, पण पिशवीत सगळ्या वयाच्या पेशी असतात. मगज काहीच बनवत नसेल तर दहा-पंधरा दिवसांत साधारण एक अंक खाली येतो. आईचा मगज थोडं काम करतो, म्हणून तिला महिन्याला दोन पिशव्या पुरतात.

एकदा नळीतून उतरणाऱ्या थेंबाकडे बघत तिने विचारलं, 'हें कोणाचें रगत आसतलें गो?' मला उत्तर देता आलं नाही. कोणीतरी १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा, १२.५ हिमोग्लोबिन असलेला माणूस येऊन, पैसे न घेता, हात पुढे करून गेला असेल, एवढंच मला ठाऊक होतं. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत भारतात १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. पेढी जे शुल्क घेते ते तपासणीचं आणि साठवणीचं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतात. 'घरच्यांचंच रक्त सगळ्यांत चांगलं' हा समज मात्र चूक आहे. सख्ख्या नात्यातलं रक्त थेट चढवल्यास त्यातल्या पांढऱ्या पेशी रोग्याच्या शरीरावरच उलटू शकतात, म्हणून त्यावर आधी किरणांचा मारा करावा लागतो. पुढे प्रत्यारोपण व्हायचं असेल तर नात्यातलं रक्त टाळणंच बरं. माझ्या भावाचं रक्त आईला नको, पण त्याने ते पेढीत द्यावं आणि दुसऱ्या कुणाच्या आईला जावं, हे उत्तम. पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं.

मिठागर

आमच्या आगरवाड्याला मिठागरं आहेत. खाडीचं पाणी आत घेतात, ऊन ते पाणी उडवून नेतं आणि तळाशी मीठ उरतं. रक्त चढवण्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर मी म्हणेन, हे मिठागर लक्षात ठेवा.

चढवलेल्या पेशी यथाकाळ मरतात, पण त्यांच्यातलं लोखंड उरतं. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोखंड असतं. जेवणातून शरीर दिवसाला १ ते २ मिलिग्रॅमच घेतं, आणि साठलेलं लोखंड बाहेर टाकायचा मार्ग निसर्गाने शरीराला दिलेलाच नाही. निरोगी माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून ३ ते ४ ग्रॅम लोखंड असतं. महिन्याला दोन पिशव्या म्हणजे वर्षाला २४, आणि त्यातून आत आलं सुमारे ५ ते ६ ग्रॅम. दर वर्षी आणखी एका माणसाचं लोखंड, आणि वर थोडं जास्तच. ते यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात बसतं. कातडी काळवंडते, साखर वाढते, यकृत कडक होतं, हृदयाचे ठोके चुकतात. यातलं बरंच कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून साधारण २० पिशव्या झाल्या, किंवा फेरिटिन १००० च्या वर टिकून राहिलं, की लोखंड काढायच्या औषधाचा विषय डॉक्टरांनी काढला नाही तर आपण काढायचा. फेरिटिन तापातही वाढतं, म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नये, पण सलग रिपोर्टांचा कल पाहावा. हृदयात आणि यकृतात नेमकं किती साठलंय ते विशिष्ट प्रकारच्या एमआरआयने कळतं. औषधं मुख्यतः तीन. डेफेरासिरॉक्स रोज तोंडाने घ्यायचं. त्यात मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात, कान-डोळेही वर्षाला दाखवायचे. डेफेरिप्रोनही तोंडाने घ्यायचं. त्याने लघवी तांबूस होते, ते रक्त नसतं. पण पांढऱ्या पेशी एकाएकी घसरू शकतात, म्हणून ते चालू असताना ताप आला तर वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जायचं. तिसरं डेफेरॉक्सामिन, ते पंपाने कातडीखाली तासन् तास द्यावं लागतं. कुणाला कोणतं आणि कुणाला कोणतंच नको, हे वय, मूत्रपिंडं आणि आजाराचा प्रकार पाहून ठरतं. आईला गोळी सुरू झाली तेव्हा तिने पहिला महिना मळमळ सोसली आणि मला सांगितलं नाही, कारण 'औषध म्हणजे कडूच असतं'. वही परत कामाला आली.

आणि हो, लोहाची गोळी, टॉनिक, 'रक्तवर्धक' सिरप हे सगळं बंद. मिठागरात आणखी मीठ टाकायचं नाही. फक्त तपासणीत लोह खरंच कमी सापडलं, तरच डॉक्टर ते देतील. जेवण मात्र आनंदाने जेवू द्या. तांबडी भाजी, नाचणी, माशाचं हुमण यांतून येणारं लोखंड पिशवीच्या मानाने नगण्य आहे, आणि पथ्यापायी रोग्याचं वजन उतरलं तर नुकसान जास्त. जेवणाबरोबर कोरा चहा घेतला तर लोह थोडं कमी शोषलं जातं, तेवढं पुरे.

एक गोष्ट मात्र किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांनी गंभीरपणे घ्यावी. अंगात लोखंड साठलेल्या माणसाला काही जंतू फार सहज गाठतात. त्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस खाऱ्या, कोमट पाण्यात आणि कालवांसारख्या शिंपल्यांत असतो. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कालवं किंवा तिसऱ्या (छोट्या शिंपल्या) अशा रुग्णाने अजिबात खाऊ नयेत, नीट शिजवलेल्या चालतात. पायाला जखम असेल तर खाडीत, मिठागरात, समुद्रात पाय घालू नये. आईचं सारं बालपण त्या चिखलात गेलं. हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली.

तापाचंही तसंच. एमडीएसमध्ये पांढऱ्या पेशीही कमी किंवा कमकुवत असू शकतात. पावसाळ्यात घरोघर ताप असतो, पण अशा माणसाचा १००.४ फॅरनहाइटच्या वरचा ताप पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थोपवायचा नसतो. रात्री असेल तर रात्रीच निघायचं. प्लेटलेट कमी असतील तर दुखण्यावर मनाने आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन द्यायचं नाही.

यंदाच्या गणेश चवथीची तयारी आम्ही रक्तापासून केली. सुट्ट्यांत शिबिरं कमी होतात, आणि आईला ई नसलेली पिशवी शोधावी लागते, म्हणून दोन आठवडे आधी पेढीला कळवलं. तारीख घेतली चवथीच्या आठ दिवस आधीची, म्हणजे रक्त लागायला दोन दिवस मिळतील आणि उतार लागायच्या आत सण येईल. गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी भाऊ बांधेल. नेवऱ्या लाटायला आई बसणार आहे, तळायला मी. किती लाटायच्या, यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही. ती एकावन्न म्हणते.